मेलेल्या निलगिरीची उंची

पंधरा मीटरची कापडी फीत. सुरुवातीचे चार सेंटिमीटर फाटलेले. मोजताना शून्याऐवजी पाचवर धरायचं आणि शेवटी पाच वजा करायचे.

खोलीच्या आत सुताराने जोडलेली खाट दारातून बाहेर निघत नाही.

निलगिरी मेली तरी पडत नाही. वर्ष-दीड वर्ष तशीच उभी राहते, साल टाकते, हाडासारखी पांढरी होत जाते.

सकाळचं दूध साडेसातला डेअरीत जातं. त्यानंतर कुणाच्या घरात दूध नसतं.

"मास्तरीणबाई, सावलीवरनं मानसाची उंची बी काढता येती म्हंत्यात?"
"येते की."
"आन झोपलेल्या मानसाची?"

पक्ष

सत्त्याण्णव सालचा मार्च, तिसरा रविवार. आजऱ्याच्या पुढे, घाटाकडच्या एका गावातल्या हायस्कुलात मी गणित शिकवत होते. सव्वीस वर्षांची होते. गुंडूतात्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे.

त्या खोल्यांच्या मागे निलगिरी होती. मेलेली. पावसाळ्याआधी ती पाडायची म्हणून तात्यांनी दौलू पोवारला बोलावलं होतं. दौलू आणि त्याचा जोडीदार सकाळी साडेआठलाच दुहेरी करवत, कुऱ्हाडी आणि दोरखंड घेऊन हजर झाले. दौलू झाडाभोवती दोनदा फिरला, वर बघितलं, तंबाखू मळली.

"कुठल्या अंगाला टाकायची तात्या?"

पूर्वेला तात्यांचं घर. दक्षिणेला विहीर. पश्चिमेला विजेच्या तारा, त्यांच्या पलीकडे कापणी झालेलं मोकळं शेत. उत्तरेला खळं, सारवलेलं, सपाट, आणि खळ्याच्या शेवटी होडग्यांचं घर.

"खळ्यावर," तात्या म्हणाले.

"पडंल की. पर होडग्यांच्या घरापातुर जाईल काय, ते बगा आधी."

होडग्यांच्या घरात आक्काताई आणि तिचे सासरे अप्पा असे दोघंच राहत. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. अप्पांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, दवाखान्याने घरी पाठवलं होतं. त्यांची खाट खळ्याकडच्या भिंतीला लागून, खिडकीखाली होती. त्यांनीच मागून घेतलेली जागा. तिथून सगळं दिसायचं.

आक्काताई खळं ओलांडून आली, पदराला हात पुसत.

"तात्या, म्हाताऱ्याला आतल्या खोलीत हलवावं लागंल काय? न्हाई, हलवायचं तर मानसं बोलवाय पायजेत. खाट तर दारातनं निघत न्हाई. मागच्या येळंला उचलून फिरवलं तर दोन दीस जेवलं न्हाईत. वरडत्यात नुसतं. पाठीला जखमा झाल्यात."

"लागंल बी, न लागंल बी," दौलू म्हणाला.

"असं कसं? हाय का न्हाई ते सांगा की."

तेव्हा तात्या माझ्याकडे वळले. मी दारात उभी होते, केसांना तेल लावत.

"बाई, तुमी त्या पोरास्नी शिकवतासा न्हवं, देवळाची उंची, खांबाची उंची? काढा की ह्याची."

साध्य

अप्पांना हलवायचं की नाही.

रचना

हे गणित मला इतकं सोपं होतं की मी हसले होते. समरूप त्रिकोण. जमिनीवर बरोबर एक मीटर उभी राहील अशी काठी रोवायची, तिची सावली मोजायची. झाडाची सावली मोजायची. छोटा त्रिकोण, मोठा त्रिकोण. कोन तेच, फक्त बाजू काही पट वाढलेल्या. किती पट ते सावली सांगते. नववीच्या पोरांकडून मी हे शाळेच्या झेंड्याच्या खांबावर करून घेतलं होतं.

शाळेतली फीत माझ्याकडेच होती. तात्यांनी कुंपणातली एक काठी उपसली, मी ती मीटरपट्टीला लावून खूण केली आणि खळ्याच्या कडेला रोवली. ओळंब्याने सरळ केली. सावलीच्या टोकाला एक पांढरा खडा ठेवला. फीत लावली, पाच वजा केले.

एक मीटर चोपन्न.

वहीत लिहिलं. तारीख घातली. खाली रेघ ओढली.

"आता झाडाची," मी म्हणाले आणि फीत गुंडाळायला लागले, तर आक्काताईने माझा दंड धरला.

"चा ठेवलाय."

"आधी एवढं मोजून घेते. पाच मिनिटांचं काम आहे."

"मोजाय काय पळून चाललंय? झाड हाय तितंच हाय."

"अहो, पण..."

"नऊ म्हैने झालं गावात येऊन. ह्यांच्या घरात जेवतासा, त्यांच्या घरात जेवतासा. आमचा उंबरा एकदा तरी वलांडला का? आज माझ्या कामाला आलायसा आनि दारातनं रिकाम्या जातासा व्हय?"

तात्या म्हणाले, "जावा बाई. न्हाईतर ही वरीसभर मला बोलून दाखवंल."

मी गेले.

घरात दूध नव्हतं. मला चहा ठेवलाय म्हणून सांगितलं तो कोराच होता. आक्काताई वरच्या आळीत दूध बघायला पळाली. मी म्हणाले, कोरा चालेल, मला कोराच आवडतो. ते तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

खोलीत मी आणि अप्पा. मोठं डोकं, मोठे पंजे, खर्जातला आवाज. पूर्वी गुऱ्हाळावर उकळत्या रसाची काहील उतरवायचे म्हणे. गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली.

"तुमीच का मास्तरीण?"

"हो."

"भूमितीची?"

"गणित, भूमिती, दोन्ही."

"मला भूमितीत भोपळा मिळालता. मास्तर म्हनलं, होडगे, तू वर्तुळ काढलंस का बटाटा? मी म्हनलं, गुरुजी, भूक लागलीया."

मी हसले. त्यांना ते आवडलं. मग त्यांनी उंचीचं विचारलं, सावलीवरून कशी काढतात ते. मी सांगितलं. त्यांनी झोपलेल्या माणसाची विचारली, आणि मी काय उत्तर द्यावं याचा विचार करत असताना स्वतःच खाकरत हसले.

"खिडकी जरा उगडा. ते झाड पडताना मला बगायचंय. लय दीस झालं, कायतरी पडल्यालं बगितलं न्हाई. मीच पडलो तेवढा."

मी खिडकीची दोन्ही कवाडं उघडली. निलगिरी समोर दिसत होती.

आक्काताई दूध घेऊन आली. चहा पुन्हा उकळला. बशीत ओतला, निवायला वेळ लागला. वर तिने बळेच दोन बिस्किटं दिली. उठले तर, थांबा, म्हणाली, आणि कुंकवाचा करंडा आणायला आत गेली. करंडा सापडेना. सापडला. मला कुंकू लावलं. मी वाकून नमस्कार केला.

सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. मी घड्याळ बघितलं नव्हतं.

झाडाची सावली तारांखालून पलीकडच्या मोकळ्या शेतात गेली होती. तिच्या टोकाला फांद्यांचं जाळं होतं, पुसट. तात्यांनी फीत बुंध्याशी धरली. पंधरा, पुन्हा पंधरा, आणि वर एक.

एकतीस मीटर.

एकतीस भागिले एक पूर्णांक चोपन्न. भागाकार मी दोनदा केला. वीस पूर्णांक तेरा. मग बुंध्यापासून होडग्यांच्या भिंतीपर्यंत मोजलं. बावीस मीटर दहा.

"वीस मीटर आहे," मी सांगितलं. "बुंधा वीतभर वर कापणार म्हणजे तेवढंही नाही. तरी एकवीस धरा."

दौलूने वर बघितलं, मग खळ्याकडे, मग पुन्हा वर.

"माझ्या नजरंला जरा जास्ती वाटतंया."

"तुझी नजर मोठी का बाईंचं गणित?" तात्या म्हणाले.

"गणितच की," दौलू म्हणाला. "आमी काय शिकल्यालं हाय?"

आक्काताई मधे आली.

"बाई, तुमी सांगा. हलवू का नको?"

"नको," मी म्हणाले. "मीटरभर अलीकडेच पडेल. उगाच त्यांना त्रास कशाला."

ती निश्चिंत झाली. पोरं खळ्यात येऊ नयेत म्हणून ती कडेला जाऊन उभी राहिली.

सिद्धता

आधी खळ्याच्या बाजूने कुऱ्हाडीने खाच घेतली. खाचेचे दोन उतार मिळाले तिथे दौलूने बोट फिरवून बघितलं. म्हणाला, कोन बरोबर हाय, बाई, बगा तुमच्या गणितात. मग मागून करवत लागली. दोघं बसून ओढत होते, तो इकडे, हा तिकडे. वाळलेल्या लाकडाचा भुसा पिठासारखा सांडत होता, त्याला औषधाचा वास होता. दोरखंड वर बांधलेला, तात्या आणि आणखी तिघं दोर धरून खळ्याच्या एका कोपऱ्याला.

मला काही काम नव्हतं. काठी परत कुंपणात लावावी म्हणून मी काठीकडे गेले.

पांढरा खडा उन्हात होता.

काठीची सावली त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. खडा आणि सावलीचं टोक यांच्यात दीड हात सारवलेली जमीन होती, कोरडी, उजेडातली.

मला वाटलं, कुणीतरी खडा लाथाडला. मी खाली बसले. खड्याखाली मी नखाने मारलेली रेघ होती, तिथेच.

मी फीत लावली. काठीची सावली आता त्र्याऐंशी सेंटिमीटर होती.

त्या धड्यातल्या प्रत्येक उदाहरणात दोन शब्द असतात: त्याच वेळी. पोरं ते वाचत नाहीत. मी फळ्यावर त्यांच्याखाली रेघ ओढायचे.

किती वाजले? सव्वादहा. काठीची सावली मी नऊला घेतली होती. झाडाची चहानंतर. सव्वा तासात एकाहत्तर सेंटिमीटर कमी झाली, तर वीस मिनिटांत एकोणीस, कदाचित वीस, सकाळी सावली जास्तच आखडते. म्हणजे झाड मोजलं तेव्हा काठीची सावली एक चोपन्न नव्हतीच, एक तेहतीस-चौतीस होती. एकतीस भागिले एक पूर्णांक चौतीस. मी वही उघडली. पेन्सिल मोडली. जमिनीवर बोटाने भागाकार केला.

तेवीस पूर्णांक एक.

छोट्या त्रिकोणात वीस सेंटिमीटर. मोठ्या त्रिकोणात तीन मीटर.

"थांबा," मी म्हणाले. करवतीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. मग धावत गेले. "दौलू, थांबा. उंची चुकली. घरापर्यंत पोचतंय."

दौलूने मान वर केली नाही. जोडीदाराने केली. करवत थांबली.

"किती?" दौलूने विचारलं.

"तेवीसच्या वर."

"मी म्हनलं हुतं."

"थांबवा ना."

"चारातलं तीन हिस्सं कापून झालंय. आता थांबून काय करू? हितंच सोडलं तर वाऱ्याच्या मनात येईल तवा आन येईल तिकडं जाईल. दोर वडून फिरंल का म्हनता, तर ते बी न्हाई, खाच घेतलीया. जितं तोंड केलंय तितंच जानार." त्याने करवतीवर हात ठेवला होता. बुंध्यातून काहीतरी आवाज आला, दातावर दात घासल्यासारखा. "बाई, आता हिकडं उबं ऱ्हाऊ नका."

"किती वेळ आहे?"

"मला इचारून काय उपेग?"

मी खळ्यावरून पळाले. दोराच्या माणसांना ओरडून सांगितलं, अप्पांना उचला. त्यांना ते ऐकू आलं की नाही कळलं नाही. दोर सोडायला ते घाबरत होते. तात्या हात हलवून मला कडेला व्हा म्हणत होते. आक्काताई खळ्याच्या पार पलीकडे होती, दोन पोरींना मागे रेटत, माझ्याकडे पाठ करून.

आत शिरले. अप्पा खिडकीकडे तोंड करून होते.

"थांबलं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"अप्पा, आपल्याला आतल्या खोलीत जायचंय. आत्ता."

"आता? आता तर मज्जा हाय."

"झाड घरावर येणार आहे. माझं चुकलंय. मानेखाली हात घालू का?"

"काय चुकलंय?"

"उंची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एक हात गोधडीतून बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला, भला मोठा पंजा. मी एक हात त्यांच्या मानेखाली आणि एक गुडघ्यांखाली सरकवला आणि जरा उचललं.

ते ओरडले. गुऱ्हाळावरचा आवाज होता तो. माझे हात आपोआप सुटले.

"सोड, सोड, पोरी. एकटीचं काम न्हाई. मानसं बलव."

ते खरंच होतं, असं मला वाटलं. एवढा माणूस. मी किती, पंचेचाळीस किलोची.

"आणते," मी म्हणाले.

उंबऱ्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं. तात्या आणि आणखी एकजण दोर टाकून माझ्याकडे पळत येत होते, खळं अर्धं ओलांडलं होतं त्यांनी. त्यांच्या मागे निलगिरी हलली. पहिल्यांदा हलली ती अगदी थोडी, मिनिटकाटा हलतो तशी. बुंध्यापाशी काही अंशांचा कोन झाला. मग तो मोठा व्हायला लागला. तात्या वळून कडेला पळाले. त्यांनी ते बरोबरच केलं. मी उंबऱ्यावर होते, ना आत ना बाहेर. दाराची चौकट धरली होती.

नव्वद अंश संपायला किती वेळ लागतो ते मी कधी कुणाला शिकवलेलं नाही.

शेंड्याकडचा मीटरभर भाग घरावर आला. एवढाच. मनगटाएवढ्या जाडीचा. खळ्यावर उरलेलं सगळं झाड आडवं पडलं होतं, सरळ, दौलूने तोंड केलं होतं तिथेच. कौलं फुटली. खिडकीवरचा वासा निसटला.

धूळ बसल्यावर आक्काताई माझ्या अंगावरून आत गेली.

अप्पा साडेअकरापर्यंत होते. आजऱ्याहून गाडी यायच्या आत गेले. वासा छातीवर पडला होता. शेवटी शेवटी ते पाणी मागत होते आणि आम्ही ते देत होतो आणि ते बाहेर येत होतं.

पोलीसपाटलांनी वारा आला असं लिहून घेतलं. दौलूने तसं सांगितलं होतं. मी म्हणाले, वारा नव्हता. पाटील म्हणाले, बाई, तुमी हितं नोकरी करताय, आनि त्यानं म्हातारं परत येनार हाय का?

मी आक्काताईला सांगायचं ठरवलं. तेरावं झाल्यावर गेले. ती चुलीपाशी होती. नवरा छपरावर नवी कौलं बसवत होता, त्याच्या पावलांचा आवाज येत होता. खाट तिथेच होती.

"आक्काताई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"बसा की."

"वारा नव्हता. माझी चूक होती."

"तुमी तर आत गेलतासा, सगळ्यांनी बगितलं. तुमी काय कमी केलं?"

"त्याच्या आधीची चूक."

मी तिला सावली समजावली. दोन त्रिकोण समजावले. चुलीतली एक काटकी घेऊन जमिनीवर काढून दाखवले, छोटा आणि मोठा. सूर्य वर चढतो तशी सावली आखडते. काठीची आधी मोजली, झाडाची नंतर. दोन्ही एकाच वेळी मोजायला हव्या होत्या. म्हणून झाड मला तीन मीटर कमी दिसलं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. माझ्या वर्गातल्या कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

"मधे किती येळ गेला म्हनता?"

"वीस मिनिटं."

"कशात?"

मी हातातली काटकी चुलीत सरकवली.

"कशात गेली वीस मिंटं, बाई?"

"ते महत्त्वाचं नाही. मला माहीत असायला हवं होतं. मी शिकवते हे."

"चा," आक्काताई म्हणाली.

"चहामुळे नाही. चूक माझी आहे."

"तुमी नको म्हनत हुतासा. मोजून घेते म्हनलासा. दूध नव्हतं, तरी मी आनाय गेले. करंडा घावंना." ती माझ्याशी बोलत नव्हती. ती बोटांवर मोजत होती. "करंडा म्या फडताळात ठेवला हुता आन बगत हुते पेटीत."

"आक्काताई, माझं ऐका."

"ऐकलं की. समजलं सगळं."

तिने पदराने जमिनीवरचे त्रिकोण पुसले. वरून नवऱ्याने कौल मागितलं, ती उठून कौल द्यायला गेली.

मी त्या गावात आणखी चार वर्षं होते. तिच्या दारावरून रोज जात होते. दारात कुणी आलं की ती पाण्याचा तांब्या द्यायची, चहाचं नाव काढायची नाही, आणि उंबऱ्यात उभी राहायची, येणारा जाईपर्यंत. मी तिला पुन्हा दोनदा समजावायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, बाई, तुमचं गणित बरोबर हाय, तुमी उगं जिवाला लावून घेऊ नका.

दवाखान्यातून घरी सोडताना अप्पांचं वजन केलं होतं. कार्डावर एकतीस किलो लिहिलेलं आहे.